बिनकामाचं अंगदुखणं

वेळापुरात अंग दुखायला कारण लागतं. रात्रीची लाइट आली म्हणून पहाटेपर्यंत उसात दारं धरली आणि कंबर गेली, तर ती कंबर मान्य. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईची मोळ्या वाहून मान आखडली, तर ती मान मान्य. चैत्रात अर्धनारी नटेश्वराच्या यात्रेला घरात पाहुण्यांची रीघ लागली आणि पोळ्या लाटून खांदे भरून आले, तर त्या खांद्यांना रात्री गरम पाण्याचा शेक मिळतो, वर 'दमली गं पोर' हेही कुणीतरी म्हणतं. पण कारण सांगता आलं नाही, तर त्या दुखण्याला इथं कुणी बसायला पाट देत नाही.

यात गावाचा काही दोष नाही. आमचं गाव आळंदी-पंढरपूरच्या वाटेवरचं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते तेव्हा आषाढी तोंडावर आलेली असते आणि वारकऱ्यांच्या पायाखालून दोनशेच्या आसपास किलोमीटर गेलेले असतात. त्यात गावात शिरायच्या आधी धावा. तुकाराम महाराजांना इथल्या टेकाडावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते तिथून धावत सुटले, अशी श्रद्धा. म्हणून इतके दिवस चालून आलेली माणसं त्या उतारावरून पळत सुटतात. सत्तरीच्या आज्या डोक्यावर तुळस धरून पळतात. मग रात्री गावातल्या ओसऱ्यांवर बघावं. पायच पाय. कुणाच्या पोटरीला गोळे, कुणाच्या मांड्या भरलेल्या, कुणाच्या टाचेला आलेला फोड फुटलेला. घरोघरी खोबरेल तेल कोमट होत असतं. आमच्या सासूबाई एरवी कुणाच्या हाताला हात लावून घेणार नाहीत, त्या रात्री खाली बसून अनोळखी माणसांचे पाय चेपतात. ज्याचे पाय जास्त सुजलेले, त्याचा मान मोठा. अंगदुखीची एवढी थोर परंपरा ज्या गावाच्या पाठीशी आहे, ते गाव उगाच कण्हणाऱ्याला विचारणारच, की बाई गं, तू नेमकं काय केलंस?

माझी पंचाईत झाली ती इथंच.

बारशाचं जेवण करून आले होते. संध्याकाळी बेंबीपाशी दुखायला लागलं, रात्री ते दुखणं उजवीकडं खाली सरकलं, आणि अकलूजच्या दवाखान्यात पोचेपर्यंत अपेंडिक्स आता सकाळपर्यंत थांबत नाही असं ठरून गेलं. मध्यरात्री ऑपरेशन, दुर्बिणीतून. जागी झाले तेव्हा पोटावर तीन बारक्या पट्ट्या होत्या आणि घसा कोरडा. पोट दुखणार हे मी धरूनच चालले होते. पोटानं शब्द पाळला. पण नर्सबाईंनी उठवून व्हरांड्यात चालवल्यावर, दुसऱ्या दिवशी, जे सुरू झालं त्याचा पोटाशी काही संबंध दिसेना. मान वळेना, खांदा ठणकायचा. खोकला आला की बरगड्या ओरडायच्या. जांभई देताना कानाखाली जबडा दुखायचा. पाठीच्या वरच्या भागात दोन्ही फऱ्यांमध्ये ठणका, आणि पोटऱ्या तर अशा की पलंगावरून पाय खाली सोडताना आधी विठ्ठलाचं नाव घ्यावं. एखाद्या ऊसतोड बाईला 'कुठं कुठं दुखतं' म्हणून विचारलं असतं तर तिनं ज्या ज्या जागा दाखवल्या असत्या, त्या सगळ्या. आणि माझ्या नावावर काम कुठलं, तर टेबलावर निपचित पडून राहण्याचं.

आमच्याकडं पेशंटला बघायला येणारे लोक नारळपाणी, बिस्किटाचा पुडा आणि निदान अशा तीन वस्तू बरोबर आणतात.

"आपरेशन पोटाचं आन् दुखतंय मानंला?" शेजारच्या काकी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "टेबलावरनं पाडलं-बिडलं न्हाय न्हवं?"

धाकट्या भाऊजींचं मत उशीवर गेलं. थिएटरात उशी नसते, त्यामुळं उसण भरली असणार. माळशिरसहून आलेल्या आत्याबाईंनी, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीनं, हात न लावता वात ठरवला. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडं, मग पलंगाकडं, मग पुन्हा माझ्याकडं बघितलं. पडून राहिलं की अंग धरतंच, हे त्या नजरेतून सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं.

राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरनं एक खांदा सोडवला. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. सगळा वायू लगेच बाहेर पडत नाही. उरलेला वर सरकून छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला टोचत राहतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते, आणि खांद्याच्या टोकाकडून येणाऱ्या नसाही मानेत त्याच ठिकाणी येऊन मिळतात. मेंदूला तक्रार पोचते, पण पत्ता चुकीचा पोचतो, आणि माणूस खांदा चोळत बसतो. मला हे पटलं. पण गॅस झाला तरी तो पोटरीत कसा उतरेल?

तिसऱ्या प्रहरी बायका जमल्या आणि विषय व्हायचा तिथंच गेला: पाठीतली सुई. हा विषय ज्यानं ऐकला नाही त्यानं महाराष्ट्रातला बाळंतिणींचा वॉर्ड बघितलेला नाही. सिझर झालेल्या कुठल्याही बाईला कंबरेबद्दल विचारा. मूल आता कॉलेजात जात असलं तरी ती मागं हात नेऊन मणक्यावर नेमकं बोट ठेवील आणि सांगेल, "हितं सुई दिली तवापासनं." हंडे उचलले त्याचं काही नाही, पोर कडेवर घेऊन दहा वर्षं स्वयंपाक केला त्याचं काही नाही, वाकून केर काढला त्याचं तर मुळीच नाही. सुई! जाऊबाई तर म्हणाल्या, मला नक्की झोपेत ती सुई दिली असणार आणि सांगितलं नसणार.

त्या बिचाऱ्या सुईचं एक वकीलपत्र मी मागाहून घेतलं, ते इथंच सांगून टाकते. सुई टोचल्या जागी दोन-चार दिवस दुखतं, हे खरं. क्वचित डोकं जबर दुखतं, तेही खरं. पण बाळंतपणानंतर बायकांची कंबर सुई घेतली तरी दुखते आणि न घेता झालेल्या बाळंतपणातही दुखते. वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या सुईमुळं येते, याला अभ्यासांनी दुजोरा दिलेला नाही. पोटात मूल वाढतं तेव्हा पाठीचा बाक बदलतो, सांधे सैल पडतात, आणि नंतर विश्रांती म्हणून जे काही मिळतं त्याबद्दल न बोललेलं बरं. पण वाकणं रोजचं असतं, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. सुई आयुष्यात एकदा-दोनदा, तीही पाठीमागून. आरोपी म्हणून तीच शोभते.

ज्यानं ही पाठीतली भूल पहिल्यांदा नीट वापरली, तो जर्मनीतला ऑगुस्ट बीअर मात्र या बाबतीत माझ्या फार जवळचा माणूस निघाला. १८९८ साली त्यानं आणि हिल्डेब्रांट नावाच्या त्याच्या मदतनिसानं हा प्रयोग एकमेकांवरच करायचं ठरवलं. बीअरच्या पाठीत सुई गेली, पण ऐन वेळी पिचकारी नीट बसेना आणि तो बेत फसला. मग हिल्डेब्रांट पुढं झाला. त्याचे पाय सुन्न पडल्यावर ते खरोखर सुन्न झालेत का हे बघायला बीअरनं त्याला टोचलं, चिमटे काढले, केस उपटले आणि नडगीवर लोखंडी हातोडीचे टोले घातले. हिल्डेब्रांटला काही म्हणजे काही कळलं नाही. दोघं खुशीत जेवले, वाइन प्याले, सिगार ओढले. पुढं बीअर डोकेदुखीनं आडवा झाला, हिल्डेब्रांटचंही डोकं चढलं, वर त्याच्या नडग्या काळ्यानिळ्या. तरी त्याच्याकडं कारण होतं, साक्षीदार होता आणि हातोडी होती. माझ्याकडं यातलं काहीच नव्हतं.

टाके दाखवायला गेले तेव्हा भुलीच्या मॅडम भेटल्या. भेटल्या म्हणजे जिन्यात सापडल्या. तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ एका दवाखान्याचे नसतात. सकाळी इथं हर्निया, दुपारी पलीकडं सिझर, मध्ये गाडीत डबा. ऑपरेशन झालं की पेशंट सर्जनच्या पाया पडतो, पेढे सर्जनला जातात, गावात नाव सर्जनचं होतं. आणि त्या तासाभरात ज्यानं तुमचा श्वास तुमच्या वतीनं सांभाळला, त्याचं नाव आपल्याला बिलावर वाचायला मिळतं, आणि तेही 'हे कशाचे लावले?' असं विचारताना. मला या मॅडमचा एवढाच भाग आठवत होता: मास्क, वरचे दोन डोळे आणि प्रश्नांची फैर. कधी जेवलात? काय जेवलात? दात हलतोय का? आधी कधी भूल घेतली होती का? घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का, कुणाला जागं व्हायला फार वेळ लागला होता का?

मी मान, बरगड्या आणि पोटऱ्यांची कैफियत मांडली. त्या हसल्या. "अहो, ते आमचंच," म्हणाल्या. "सक्समुळं."

हा माणूस आपणहून कबूल होतोय हे बघून मला गहिवरून आलं. इतक्या दिवसांत कुणीतरी माझ्या दुखण्याला आपलं म्हटलं होतं.

सक्स म्हणजे सक्सामेथोनियम, दुसरं नाव सक्सिनिलकोलीन. जुने डॉक्टर त्याला स्कोलीन म्हणतात. ते झोपेचं औषध नव्हे. झोपेचं वेगळं असतं, ते आधी देतात. सक्सचं काम सगळे स्नायू पूर्ण सैल पाडण्याचं, म्हणजे जबडा ढिला होतो, स्वरतंतू उघडे राहतात आणि श्वासनलिकेत नळी घालता येते. भूल दिलेल्या माणसाच्या पोटात जेवण असेल तर ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, म्हणून नळी झटपट घालावी लागते. सक्सचा असर मिनिटाच्या आत होतो आणि पाच-दहा मिनिटांत उतरतोही. "तुम्ही पोटभर बुंदी खाऊन आला होतात," मॅडम म्हणाल्या. माझ्या अंगदुखीच्या मुळाशी अशा रीतीनं शेवटी ते बारसं निघालं.

आता स्नायू सैल पाडणाऱ्या औषधानं स्नायू दुखावेत, हे कसं? याचं उत्तर मॅडमनी जिन्याच्या कठड्याला टेकून दिलं आणि मला ते फार आवडलं. आपण हात उचलायचा म्हटलं की मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन स्नायूवर सुटतं, स्नायू आखडतो, आणि क्षणाच्या बारीकशा तुकड्यात एक विकर येऊन त्या रसायनाचा फडशा पाडतं. स्नायू मोकळा, पुढच्या हुकमाला तयार. सक्सचा रेणू म्हणजे ॲसिटिलकोलीनचेच दोन रेणू एकमेकांना जोडलेले. स्नायूला वाटतं हुकूम आला. तो आखडतो. पण हे जोडपं तिथल्या विकराला तुटत नाही, ते जागा अडवून बसतं. त्यामुळं एकदा आखडलेला स्नायू नवा हुकूम घेऊच शकत नाही आणि लुळा पडतो. मग रक्तातलं दुसरं एक विकर सक्सला हळूहळू तोडतं आणि सगळं पूर्ववत होतं. लुळं पडण्याआधीच्या त्या काही सेकंदांत अंगभर लव फिरते. पापण्या, गाल, मान, छाती, पोट, मांड्या, पायाची बोटं. कातडीखाली बारीक बारीक थरथर पळताना दिसते. टेबलाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसते, आपण सोडून.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं आमचा पालखी तळ आला. मुक्कामाला संध्याकाळी समाजआरती असते. दिंड्या गोलाकार उभ्या असतात, प्रत्येकीचा आपला टाळ, आपला मृदंग, आपला अभंग, नुसता कल्लोळ. चोपदार दंड वर करून 'हो' म्हणतात आणि हजारो टाळ एका दमात बंद. त्या रात्री माझ्या अंगात हेच झालं म्हणायचं: आधी स्नायूतल्या धाग्याधाग्याचा वेगळा टाळ, मग एकदम सामसूम. पण समाजआरतीत एक रीत आहे. एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, तर ती दंड वर गेल्यावरही टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातात, म्हणणं ऐकून घेतात, निवाडा होतो, तेव्हा तो टाळ थांबतो. माझ्या मानेची आणि पोटऱ्यांची दिंडी दुसऱ्या दिवसापासून टाळ वाजवत राहिली होती. चोपदार मात्र तोवर दुसऱ्या दवाखान्यात सिझरला गेल्या होत्या.

म्हणजे मी काम केलं होतं. बिनपगारी, बिनहजेरीचं, एका मिनिटाच्याही आतलं. पण अंगातल्या एकूण एक स्नायूनं केलं होतं. मला पुरावा मिळाला.

घरी येऊन मी या सक्सच्या मागं लागले. शाळामास्तरीण आहे, मला एखादी गोष्ट अर्धवट कळली की झोप येत नाही. तर या औषधाची कुंडलीच गमतीची. १९०६ साली अमेरिकेत रीड हंट आणि रेने तावो या दोघांनी ते जनावरांवर वापरून बघितलं. त्यांना रक्तदाबावरचा परिणाम हवा होता, आणि जनावर हलू नये म्हणून त्यांनी त्याला आधीच क्युरारे दिलेलं होतं. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचं बाणाला लावायचं विष. त्यानंही स्नायू लुळे पडतात. जे जनावर आधीच लुळं पडलंय, ते नव्या औषधानं लुळं पडतंय हे कळणार कसं? कळलं नाही. पुढं १९४२ मध्ये माँट्रियलला हॅरल्ड ग्रिफिथनं क्युरारेच भुलीत वापरून दाखवलं. त्याआधी पोट सैल पडावं म्हणून पेशंटला इथरमध्ये खोल खोल बुडवावं लागे. स्नायू सैल करणाऱ्या औषधांना असा भाव आल्यावर १९४९ मध्ये रोमला डॅनिएल बोव्हेच्या चमूनं सक्सचा हा खरा गुण ओळखला. बोव्हेला १९५७ साली नोबेल मिळालं. १९५१ पासून सक्स युरोपातल्या ऑपरेशन थिएटरांत आलं, आणि लगेच १९५२ च्या एका ब्रिटिश लेखात पेशंटांचं अंग दुखतं ही नोंदही आली. त्रेचाळीस वर्षं गुण कुणाला दिसला नाही. अवगुण दिसायला वर्षही पुरलं. सासरी असंच असतं, असं मी हे वाचताना मोठ्यानं म्हणाले. सासूबाई तिथंच शेंगा फोडत होत्या.

१९५४ मध्ये लंडनच्या चर्चिल-डेव्हिडसन या भूलतज्ज्ञानं आणखी एक गोष्ट दाखवली. ऑपरेशननंतर अंथरुणात पडून राहिलेल्यांपेक्षा लगेच उठून चालायला लागलेल्यांचं अंग फार जास्त दुखतं. ही ओळ मी घरात दोनदा वाचून दाखवली. मला व्हरांड्यात कुणी चालवलं होतं? पण लगेच चाललं नाही तर पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती, आतडी रुसून बसतात, म्हणून हल्ली चालवतात ते बरोबरच आहे. तेव्हा नर्सबाईंवरचा गुन्हा मी मागं घेतला.

पन्नासहून जास्त चाचण्या एकत्र करून २००५ साली काही युरोपीय डॉक्टरांनी हिशेब मांडला, तेव्हा सक्स घेतलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं दुसऱ्या दिवशी अंग दुखतं असं निघालं. निम्म्या! आणि तरी आमच्या अख्ख्या वॉर्डात या गोष्टीचं नाव कुणाला माहीत नव्हतं. दुखतं ते बहुधा दोन-तीन दिवस, मग आपणहून जातं. लहान मुलांना, म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायकांना कमी. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. (अर्धनारी नटेश्वराच्या गावात ही आकडेवारी कशी लावायची, हा प्रश्न आमच्या ह्यांनी काढला. त्यांना पुढं बोलू दिलं नाही.) थरथर जास्त झाली म्हणजे दुखणं जास्त, असंही काही नाही, स्नायूंत नेमकी इजा कशी होते यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. आधी थोडं लिग्नोकेन दिलं, वेदनाशामक दिलं, किंवा दुसऱ्या जातीच्या स्नायूशिथिलकाचा बारीक डोस दिला तर त्रास कमी होतो. रोक्युरोनियम नावाचं दुसरं औषध आहे, त्यानं थरथर होत नाही, पण त्याचा असर लांबतो; तो झटकन उतरवायचा तर सुगॅमाडेक्स लागतं, आणि त्याची किंमत ऐकून माणूस पुन्हा आडवा पडेल. सक्स स्वस्त. फ्रिजमध्ये ठेवावं लागतं एवढंच, आणि आमच्या तालुक्यात फ्रिजचं भवितव्य महावितरणच्या हातात असतं, तो भाग वेगळा.

या सगळ्या वाचनात एक ओळ अशी आली की ती मी वाचून दाखवायला नको होती, पण तोंडातून निघून गेली. ज्यांच्या अंगाला रोजच्या व्यायामाची सवय आहे, त्यांना हा त्रास कमी होतो.

"म्हंजी?" सासूबाईंनी शेंगा फोडणं थांबवलं.

म्हणजे काय ते त्यांना कळलेलं होतं. खुर्चीवर बसून वह्या तपासणारी सून आणि पहाटे उठून गोठ्याचं शेण काढणारी सासू, या दोघींना एकाच दिवशी सक्स दिलं असतं तर कुणी उठून चहा ठेवला असता, याचा निकाल लंडनपर्यंत जाऊन आला होता. मग त्यांनीच उठून मला चहा दिला. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे.

'जागं व्हायला कुणाला वेळ लागला होता का?' हा मॅडमचा प्रश्न मी मुद्दाम शेवटाकडं ठेवलाय, कारण तो माझ्या पोटऱ्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. सक्सला तोडणारं रक्तातलं ते विकर काही घराण्यांत जन्मतःच कमी किंवा निकामी असतं. आंध्र-तेलंगणातल्या आर्य वैश्य समाजात हे इतरांपेक्षा जास्त आढळतं, आणि सोलापूर जिल्ह्याला तेलुगू बोलणारी घरं नवीन नाहीत. अशा माणसाला एरवी काहीच होत नाही. आयुष्यभर पत्ता लागत नाही. पण सक्स दिलं तर पाच-दहा मिनिटांच्या जागी तासन्‌तास स्नायू लुळे राहतात आणि तेवढा वेळ यंत्रानं श्वास द्यावा लागतो. दिला की माणूस ठणठणीत उठतो. म्हणून काकाच्या ऑपरेशनात 'लवकर शुद्धीवर येईना' असं काही झालं असेल, तर ती घरातली जुनी गोष्ट भुलीच्या डॉक्टरांना सांगायची असते. भाजलेल्या किंवा लकवा झालेल्या माणसाला पहिल्या एक-दोन दिवसांनंतर सक्स द्यायचं टाळतात, रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढून हृदय दगा देऊ शकतं. अंगदुखी त्या मानानं अगदी गरीब.

दोष कुणाचा, हे भुलीच्या दुनियेत किती गुंतागुंतीचं असतं त्याचा एक मोठा खटला आपल्या शेजारीच होऊन गेलाय. क्लोरोफॉर्मनं माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर हमरीतुमरी चालली होती. हैदराबादेत एडवर्ड लॉरी या डॉक्टरनं निजामाच्या मदतीनं १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसवले, दुसऱ्याला तर लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि हृदयाच्या बाबतीत क्लोरोफॉर्म निर्दोष सुटलं. पण १९११ मध्ये गुडमन लेव्हीनं दाखवून दिलं की भूल हलकी असताना क्लोरोफॉर्म थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. सोलापूरहून गाडीत बसलं की सहज पोचावं एवढ्या अंतरावर असलेल्या शहरात, निजामाच्या खजिन्यातून पैसा ओतून, खरा आरोपी सन्मानानं सोडला गेला. मग आमच्या वॉर्डातल्या बायकांनी नारळपाण्याच्या खर्चात सुईला जन्मठेप दिली तर एवढं काय?

तरीही न्याय व्हावा म्हणून मी हळदी-कुंकवाला हा विषय काढला. पाठीतली सुई कशी निर्दोष आहे ते सांगितलं. कुणी ऐकलं नाही. उलट मी डॉक्टरांच्या बाजूची ठरले. मग मी सक्सचं सांगितलं. तिथं मात्र सगळ्या पुढं सरकून बसल्या. झोपेत देतात, आपल्याला कळत नाही, अंग थरथरतं आणि दुसऱ्या दिवशी दुखतं, हे एकेकीला इतकं पटलं की मला भीती वाटायला लागली. काकींनी औषधाचं नाव तीनदा घोकून घेतलं. जाऊबाईंनी, त्यांना फक्त पाठीतली भूल दिली होती तरी, कंबरेचा निम्मा हिस्सा सक्सच्या नावावर करून टाकला.

आत्याबाई आतापर्यंत भिंतीला टेकून गुडघे चोळत होत्या. त्या म्हणाल्या, "मला बी त्येच असंल बघ."

"आत्या, तुमचं ऑपरेशन कधी झालं?"

"झालंय कुठं? आगं, पर दुखतंय न्हवं!"